कशावरनं?

घर भाड्यानं बघायला मी डिंगोऱ्यात गेले तेव्हा घरमालकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझं बोट धरून उभ्या असलेल्या मनूसमोर ते उकिडवे बसले आणि तिला म्हणाले, “आत्ता सकाळ हाय का संध्याकाळ?”

मनू तेव्हा पाच वर्षांची होती. ती म्हणाली, सकाळ.

“कशावरनं?”

मी सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी माझ्याकडे न बघताच हात वर करून मला गप्प केलं. मनूनं आभाळाकडे बघितलं, अंगणाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघून म्हणाली, “आईची वेणी अजून सुटली नाहीये.”

ते उठले आणि किल्ली माझ्या हातात दिली. भाडं किती, पाणी कधी येतं, हे सगळं मलाच नंतर विचारावं लागलं.

सरकारी मोजणीखात्यात त्यांची उभी हयात गेली होती. जुन्नर आणि आंबेगावातली अर्धी शिवारं त्यांनी साखळी टाकून मोजली होती. रिटायर होऊन कैक वर्षं झाली तरी गाव त्यांना मोजणीदारच म्हणायचं. उंच, पाठीत थोडे वाकलेले, आणि बोलताना एक डोळा बारीक करायची सवय. समोरचा माणूस नसून दूरवर रोवलेली झेंडी आहे, असं ते बघत. एकटेच राहायचे. घर गावाबाहेर मळ्यात होतं, पुढे आमच्या दोन खोल्या, मध्ये त्यांची, मग एक लांब बोळ आणि बोळाच्या टोकाला मागली खोली. घराच्या पाठीला लागून ऊस.

मी उपकेंद्रात नर्स. नवरा चाकणला कंपनीत, सुट्टीला यायचा. बालवाडी सुटल्यावर मनू घरी एकटी, म्हणजे त्यांच्याजवळ. मी त्यांना कधी सांभाळा म्हटलं नाही आणि त्यांनी कधी सांभाळतो म्हटलं नाही. महिन्याभरातच मनू माझ्यापेक्षा त्यांच्या भाषेत जास्त बोलायला लागली.

शिकवणं हा शब्द त्यांना आवडत नसे. ते फक्त काहीतरी मांडून ठेवत. चवळी आणि घेवडा एकत्र करून त्याचे दोन ढीग करत आणि गप्प बसत. ढीग कशानं वेगळे झाले ते मनूनं ओळखायचं. सोपं असेल तर रंग, नाहीतर आकार. एकदा दोन्ही ढिगांत अगदी सारख्या दिसणाऱ्या चवळ्या होत्या. मनू त्या डब्यात भरून दिवसभर घरात घेऊन फिरली, चावून पाहिल्या, वास घेतला. दुसऱ्या दिवशी कंटाळून तिनं त्या बादलीत टाकल्या. एका ढिगातल्या बुडाल्या आणि दुसऱ्यातल्या किडक्या, पोकळ, वर तरंगल्या. ती ओरडत बाहेर पळाली, तेव्हा मोजणीदार दाढी करत होते. अर्ध्या दाढीवर साबण तसाच ठेवून ते तिच्याबरोबर बादलीजवळ जाऊन बसले.

उत्तर बरोबर आलं म्हणून त्यांनी तिला कधी शाबासकी दिली नाही. उत्तर चुकलं पण कारण चांगलं असलं तर गुळाचा खडा मिळे. अंदाजपंचे बरोबर आलं तर काही नाही. मला हे अन्यायाचं वाटायचं, मनूला अजिबात वाटायचं नाही.

संध्याकाळी दिवे लागायच्या आधी ते तिला तीन गोष्टी सांगत. त्यातली एक खोटी. तिन्हींसाठी चेहरा एकच. मनूनं खोटी कुठली ते शोधायचं, जाऊन बघायचं, लागेल तर शेजारी विचारून यायचं. एकदा त्यांनी तिन्ही खऱ्या सांगितल्या. मनू रडकुंडीला आली, जेवली नाही, आणि शेवटी धीर करून म्हणाली, “आज खोटं नाहीच.” त्या संध्याकाळी मी त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं.

आणि राख. अंधार पडायच्या सुमारास ते चुलीतली राख फडक्यातून चाळून अंगणाच्या कोपऱ्यात पातळ पसरत. सकाळी दोघं तिच्याभोवती बसून वाचत: ही कोंबडी, हे मांजर, हे मुंगूस आणि मुंगूस घाईत होतं, हा दूधवाल्याचा चपलेचा ठसा आणि त्याची उजवी चप्पल झिजलीय. मनू मला येऊन सांगायची, आज कोण कोण आलं होतं. मला ते ऐकताना कधी कधी अंगावर काटा यायचा. आपण झोपलेलो असतो तेव्हा दाराशी एवढी वर्दळ असते, हे त्या घरी राहायच्या आधी माझ्या कधी मनात आलं नव्हतं.

गावात त्यांचं फार कुणाशी जमत नसे. ओढ्याकाठच्या चिंचेवर काही आहे म्हणून लोकांनी ती वाट सोडली होती, तर हे खुर्ची घेऊन तिन्हीसांजेला तिथं जाऊन बसले. परत येऊन पारावर सांगितलं, घुबड आहे, जोडी आहे, पिलं आहेत. लोकांना भुताचा जितका त्रास नव्हता तितका या बातमीचा झाला.

त्या घरात एकच गोष्ट विचारायची नव्हती, ती म्हणजे मागली खोली. बोळाच्या टोकाला जाड फळ्यांचं दार आणि त्याला गंजलेलं कुलूप. मनूनं एकदा विचारलं, आत काय आहे? ते म्हणाले, काय न्हाई. मनूनं सवयीनं विचारलं, कशावरनं? ते ताडकन उठले आणि मळ्यात निघून गेले. अंधार पडेपर्यंत परत आले नाहीत.

ऊसतोड सुरू झाली त्या थंडीत ते बदलले.

पहिल्यांदा राख पसरणं थांबलं. मग तीन गोष्टी. मनू संध्याकाळी त्यांच्या उंबऱ्यावर जाऊन बसायची आणि ते म्हणायचे, आज न्हाई, पोरी. बोळात ते तासन् तास उभे असत, मागल्या दाराकडे तोंड करून, मान जरा कलती. मी आले की घसा खाकरून बाजूला होत. एका सकाळी त्या दारापाशी दुधानं भरलेलं भांडं ठेवलेलं दिसलं. संध्याकाळीही ते तसंच भरलेलं होतं, वर साय धरलेली.

मग एके दिवशी मी अंगणात कपडे वाळत घालत होते, तर ते जवळ आले आणि खाली बघत म्हणाले, “सिस्टर, नवं बाळ दर किती येळानं पाजावं लागतं?”

मी सांगितलं. मला वाटलं नात्यात कुणी बाळंतीण झाली असेल. मग म्हणाले, “आनि बाळंतिणीला अंधारात बरं वाटतं का?”

मी विचारलं, कोण बाळंत झालंय? ते तोवर वळून चालायला लागले होते. दुसऱ्या दिवशी ते एसटीनं जुन्नरला गेले आणि येताना एका पुडक्यात काहीतरी घेऊन आले. मनूनं ते बघितलं. पांढरं झबलं होतं आणि टोपडं.

शेजारच्या मळ्यात चाची राहायच्या. त्यांच्याकडे शेळ्या होत्या. गावातली बारीकसारीक प्रत्येक गोष्ट त्यांना ठाऊक असे. मी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी दोरी वळता वळता सगळं सांगितलं. मोजणीदारांची बायको त्याच मागल्या खोलीत पहिल्या बाळंतपणात गेली होती. बाळही गेलं. ते तेव्हा तळेघरच्या डोंगरात मोजणीवर होते. निरोप पोचायला उशीर झाला, गाडी मिळाली नाही, चालत उतरले, तोवर सगळं आटोपलं होतं. चाची तेव्हा नव्या नवरी होत्या. परतल्यावर मोजणीदारांनी कुणाला एक शब्द विचारला नाही, हे चाचींना अजून आठवत होतं. दाराला कुलूप घातलं ते घातलंच. दुसरं लग्न केलं नाही.

“बाळंतपणात गेलेली बाई फिरती, असं लोक म्हनायचे,” चाची म्हणाल्या. “त्यांच्यासमोर कुनी म्हनलं की लई भडकायचे ते. आता तेच दूध ठेवत्यात म्हना की.”

मग त्या त्यांच्या गेलेल्या करडाबद्दल बोलायला लागल्या. उसातला बिबट्या पुन्हा फिरायला लागलाय, त्यांचा कुत्राही कुठं दिसत नाही, मनूला बाहेर सोडू नको म्हणाल्या. ते आमच्याकडे सगळेच एकमेकांना सांगतात. मी मान डोलावली, पण माझं लक्ष त्या दारावर होतं.

परत आल्यावर मी बोळात गेले. दुपार होती, बाहेर चांगलं ऊन होतं. मनू पुढच्या खोलीत झोपली होती, मोजणीदार घरात नव्हते. मी दारापाशी उभी राहिले आणि स्वतःलाच हसले. तेवढ्यात मला ऐकू आलं.

आत कुणीतरी श्वास घेत होतं. सावकाश, खोल, झोपेतल्या माणसासारखा. आणि त्याच्या आतून मधूनच एक बारीक कुरकुर. मी किती बाळंतपणं केली आहेत, नव्या बाळाचं ते कुंथणं मी झोपेतही ओळखीन. अगदी तसंच नव्हतं. पण फार दूरचंही नव्हतं. फटीतून एक ओला, उग्र वास येत होता, बाळंतिणीच्या खोलीत दारं लावून घेतली की येतो त्याच्या जवळचा.

मी मनूला उचललं आणि अंगणात जाऊन बसले. नवऱ्याला फोन लावला, घर बदलायचं म्हणाले. का, ते मला नीट सांगता येईना. तो म्हणाला, सुट्टीला येतो तेव्हा बघू.

तो यायच्या आधीचा दिवस. लसीकरण लवकर आटोपलं म्हणून मी दुपारीच घरी आले. पुढच्या खोल्या उघड्या, मनू नाही. बोळातून बोलण्याचा आवाज येत होता, म्हणून आत गेले आणि जागच्या जागी थांबले.

मोजणीदार मागल्या दारापाशी बसले होते. स्वच्छ धोतर, डोक्याला टोपी. शेजारी ताटात नारळ, हळदकुंकू, ते झबलं, टोपडं. कुलपात त्यांनी तेल सोडलं होतं, ते लाकडावरून ओघळलेलं दिसत होतं. किल्ली कुलपात होती. आणि त्यांच्यासमोर मांडी घालून मनू.

ते तिला समजावून सांगत होते, अगदी हळू, की आत आजी आहे. ती फार वर्षांनी आली आहे. बाळाला घेऊन आली आहे. आज बारसं करायचं.

“कशावरनं?” मनू म्हणाली.

ते दचकले. मग आज्ञाधारक मुलासारखं एकेक सांगायला लागले. बाळ रडतं, ते ऐकलंय. श्वास ऐकलाय. वास येतो. रात्री ती उठते, फिरते, तिचं अंग दाराला घासतं.

मनूनं ऐकून घेतलं. “पण दूध पीत नाही.”

“तिला लाज वाटत आसंल.”

“आणि आजी दारातून का नाही येत? खिडकीतून का जाते?”

“कुठल्या खिडकीतनं?”

“मागच्या. तिची फळी पडलीय. तुम्ही राख टाकत नाही ना, म्हणून मीच टाकली. खिडकीखाली.” मनू जरा थांबली. तिला उत्तर माहीत नव्हतं, हे तिच्या आवाजावरून कळत होतं. ती खरोखरच विचारत होती. “आजोबा, आजीच्या पायाला चारच बोटं होती का?”

 मोजणीदारांनी एक डोळा बारीक केला.

“केवढा पाय?” त्यांनी विचारलं. मनूनं दोन्ही हातांच्या बोटांचा गोल करून दाखवला. “नखं?” नखं नव्हती, ती म्हणाली. “आनि त्याच्याशेजारी बारके?” नाही, एवढेच, जातानाचे आणि येतानाचे.

“येतानाचे शेवटचे का जातानाचे?”

मनूनं डोळे मिटले. तिला आठवायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी माझ्या पोरीकडे बघत होते. ती एकटी त्या खिडकीखाली जाऊन आली होती. उसाच्या कडेला, राखेचं डबडं घेऊन, आणि पुन्हा सकाळी ठसे बघायला.

“येतानाचे,” ती म्हणाली. “येतानाच्या पायानं जातानाचा अर्धा पुसलाय.”

म्हणजे ठसे जिचे होते ती आत होती.

मोजणीदारांनी हात कुलपाकडे नेला आणि किल्ली सावकाश बाहेर काढली. तेलामुळे काहीच आवाज झाला नाही. त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं की आतला श्वास थांबला आहे. आत कुणीतरी जागं होऊन ऐकत होतं. फळीपलीकडे, आमच्यापासून हातभर अंतरावर, काहीतरी जड हललं आणि दारावर वरून खाली एक खरड उमटली, अगदी हलकी.

त्यांनी ओठावर बोट ठेवलं. दुसऱ्या हातानं मनूचा दंड धरला. ते उठून उभे राहिले आणि दाराकडे तोंड ठेवून, मनूला पाठीशी घालून, एकेक पाऊल मागे सरकायला लागले. माझ्यापाशी आल्यावर त्यांनी तिला माझ्या कडेवर दिलं. बोळाचं अलीकडचं दार लावून त्याला अडसर घातला, तेव्हा कुठे ते मला म्हणाले, “वाघीण व्याली हाय.”

आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात.

वनखात्याची माणसं संध्याकाळी आली. त्यांनी घर रिकामं करायला सांगितलं. पिंजरा लावला नाही. तिला डिवचलं नाही तर ती आपणच पिलं हलवेल, असं त्यांचं म्हणणं होतं. ऊस तुटत चालला होता, तिला आडोसा उरला नव्हता, आणि ती पडकी खिडकी तिला सापडली असणार. आम्ही सगळे चाचींकडे राहिलो. खिडकीसमोर वनखात्याच्या माणसांनी एक कॅमेरा बांधला होता. एका सकाळी त्यांच्यातल्या एकानं आम्हाला मोबाइलवर दाखवलं: खिडकीत आधी दोन डोळे, मग तोंडात मानगुटीला धरलेलं पिलू, मग ती पूर्ण. पुन्हा ती आत जाते, दुसरं घेऊन येते. शेवटी तोंड रिकामं असताना पुन्हा एकदा आत जाते, थोड्या वेळानं बाहेर येते, आणि निघून जाते.

“परत कशाला गेली?” मनूनं विचारलं.

“काय राह्यलं तर न्हाई ना, बघाया,” मोजणीदार म्हणाले. 

खोली उघडायला आम्ही तिघं गेलो. मनूला मी अंगणातच थांबवलं. आत हाडं होती, केस होते, चाचींच्या कुत्र्याचा गळपट्टा होता. कोपऱ्यात एक लाकडी बाज, आणि तिच्यावरच्या जुन्या गोधडीच्या चिंध्या करून तिनं पिलांसाठी जागा केली होती. खिडकीतून ऊन थेट बाजेवर पडलं होतं. मोजणीदार भिंतीला टेकून उभे राहिले.

“सिस्टर,” ते म्हणाले, “एक इचारायचं व्हतं.”

मी म्हटलं, विचारा.

“मी मोजनीवर निगालो तवा ही म्हनली व्हती, पायाला सूज आलीया. तोंडावर बी व्हती. डोकं लई दुखतंय म्हनली. डोळ्याम्होरं काजवे येत्यात म्हनली. मी म्हनलं, व्हईल बरं.” ते बाजेकडे बघत होते. “मागनं सांगितलं, झटकं आलं. सुईन म्हनली, कुनाच्या हातात नव्हतं. मी कुनाला काय इचारलं न्हाई.”

मला त्यांची पहिली दोन वाक्यं ऐकूनच कळलं होतं. आम्हाला ट्रेनिंगमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात. मी त्यांना सांगितलं की रक्तदाब चढला होता, त्याची ही सगळी लक्षणं, आणि वेळ गेली की झटके येतात.

“तवाच जुन्नरला नेलं आसतं तर?”

खिडकीबाहेर तोडलेल्या उसाचं रान दिसत होतं, पार ओढ्यापर्यंत. अंगणात मनू स्वतःशीच काहीतरी मोठ्यानं मोजत होती. मला त्यांना काय सांगता आलं असतं, याची दोन-तीन वाक्यं माझ्या तोंडात तयार होती. रोज कुणाला ना कुणाला मी ती सांगते.

“वाचल्या असत्या,” मी म्हटलं. “बहुतेक दोघंही.”

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले.

“मला म्हायती व्हतं,” ते म्हणाले. “पर कुनीतरी म्हनाया पायजे व्हतं.”

मग त्यांनी मला बाहेर जायला सांगितलं. मी म्हटलं, साफसफाईला माणूस लावू, वास आहे, घाण आहे. त्यांनी नको म्हटलं, धोतर खोचलं आणि दारामागचा खराटा घेतला. मी मनूला घेऊन आमच्या खोल्यांत आले आणि स्वयंपाकाला लागले. दिवस कलेपर्यंत मागून खराट्याचा आवाज येत होता, मध्येच थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. मी पाण्याची कळशी घेऊन बोळाच्या तोंडाशी गेले, तेव्हा खोलीचं दार उघडंच होतं. आत ते कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते. मी कळशी तिथंच ठेवली आणि परत फिरले.